दूरदेशीचा वाचक आणि त्याच्या हातातील ग्रंथालय



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीने आम्हांस या व्यासपीठावर बोलण्याची आज्ञा केली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषयही कार्यकारिणीनेच सुचविला : परदेशातील मराठी वाचक आणि ई-बुक रीडर. भिलाईत बसून परदेशातील वाचकाची चर्चा कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु या विषयामागे एक घरचाच प्रश्न उभा आहे, आणि तो आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या ग्रंथालयाची कपाटे जुनी झाली आहेत. पुस्तके घेऊन जाणारे सभासद कमी होत चालले आहेत. "मुलेबाळे परदेशी गेली, त्यांच्या हाती हजारो पुस्तके मावणारे यंत्र आले, मग ही कपाटे, ही वाळवी आणि या डांबरगोळ्या मंडळाने का सांभाळाव्यात?" असा प्रश्न बैठकीत निघाला आणि अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ते यंत्र काय करते आणि काय करीत नाही, हे नीट पाहिले पाहिजे. आजचे आमचे बोलणे तेवढ्यासाठीच आहे.

प्रथम आपल्या स्वतःच्या स्थितीचा विचार करू. दूर राहून मराठी वाचणे म्हणजे काय, हे भिलाईकरास कोणी शिकवावयास नको. १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग जिल्हा भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि या भागातील मराठी माणूस घराचा उंबरठा न ओलांडता परप्रांतीय झाला. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. त्या सुमारास आणि त्यानंतर विदर्भातून, पुण्यामुंबईहून मराठी कुटुंबे कारखान्यात नोकरीसाठी येत गेली. नागपूर येथून रेल्वेने अडीचशे किलोमीटरांहून थोडेच अधिक दूर. तरी तेवढ्या अंतरानेही पुस्तक दुर्मीळ होते. सुट्टीवरून परतणाऱ्याच्या ट्रंकेत लोणच्याच्या बरणीशेजारी दोन कादंबऱ्या असत. एक दिवाळी अंक दहा घरे फिरून येई, तोवर त्याचे मुखपृष्ठ नाहीसे झालेले असे. आपल्या ग्रंथालयाचा जन्म त्या टंचाईतून झाला आहे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना अनेकांनी आपली पुस्तके मंडळाला दिली. आजच्या कपाटांतील कित्येक पुस्तकांच्या पहिल्या पानावर निरनिराळ्या हस्ताक्षरांतील नावे आहेत, त्याचे कारण हेच.

भाषेच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, याची दोन उदाहरणे आपल्या शेजारचीच आहेत. पेंड्र्याहून १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषी होते. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत नेले. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले. ते हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी व कादंबरीकार झाले. एकाच घरातील दोन भाऊ, दोन भाषा. भाषा बदलली म्हणून माणूस उणा होत नाही, हे या उदाहरणांवरून दिसते. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी : सप्रे मराठी उत्तम वाचू शकत होते, म्हणूनच ते 'गीतारहस्य' हिंदीत आणू शकले. ज्याला मूळ वाचता येते तोच पूल बांधू शकतो.

आता पुढच्या पिढीकडे वळू. भिलाईच्या शाळांतून शिकलेली आपली मुले अभियांत्रिकीच्या वाटेने बंगलोर, पुणे आणि तेथून जर्मनी, अमेरिका, कॅनडा येथे गेली. त्यांच्या सामानाच्या एका बॅगेला विमानकंपन्या बहुधा २३ किलोंची मर्यादा घालतात. निघण्याच्या आदल्या रात्री बॅग काट्यावर चढते, काटा पुढे सरकतो आणि काही तरी बाहेर काढावे लागते. गोडा मसाला निघत नाही, मेतकूट निघत नाही, कुकरही निघत नाही. निघतात ती पुस्तके. यात कोणाचा दोष नाही. वजनाच्या हिशेबात पुस्तक नेहमीच हरत आले आहे. डाकेने मागवावे, तर पुस्तकाच्या किमतीपेक्षा पाठविण्याचा खर्च अधिक. म्हणून परदेशी गेलेल्या मराठी माणसाचे वाचन त्याची आवड संपल्यामुळे थांबले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ ठिकाणी ते पुस्तकाअभावी थांबले.

या अडचणीवर ई-बुक रीडर हे पहिले खरे उत्तर आहे. त्याची कथा थोडक्यात सांगतो. आपले मंडळ आकारास येत होते त्याच दशकाच्या आरंभी, १९७१ साली, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित करून ठेवला आणि 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या विनामूल्य ग्रंथसंग्रहाचा पाया घातला. पुस्तक कागदावाचून राहू शकते, ही कल्पना तेथून रुजली. परंतु संगणकाच्या उजळ पडद्यावर कादंबरी वाचणे डोळ्यांस जाचक होते. त्यावर तोडगा निघाला तो विद्युत्-शाईचा. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत विरुद्ध विद्युत्‌भाराचे काळे व पांढरे कण तरंगत असतात. विजेच्या इशाऱ्याने हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर तसेच राहते. पान उलटतानाच काय ती वीज लागते. म्हणून हे यंत्र एकदा विद्युत्‌भारित केले की कित्येक दिवस चालते, आणि उन्हात बसूनही त्यावरील मजकूर कागदासारखा वाचता येतो. अशा शाईचे वाचनयंत्र २००४ साली जपानात सोनी कंपनीने आणले. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेझॉनने अमेरिकेत किंडल विक्रीस काढले, आणि घरबसल्या पुस्तक विकत घेऊन तत्काळ वाचण्याची सोय झाली. आज असे यंत्र दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे असते आणि त्यात हजारो पुस्तके मावतात. आमच्या संपूर्ण ग्रंथालयाचा मजकूर त्यात बसेल आणि वर जागा उरेल.

मात्र मराठी वाचकाच्या वाट्याला हे सुख लगेच आले नाही. किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत विक्री डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती व मल्याळम् या भाषांबरोबर, सुरू झाली. म्हणजे इंग्रजी वाचकानंतर नऊ वर्षांनी. या विलंबाची कारणे केवळ व्यापारी नव्हती. देवनागरीला जागतिक संकेतप्रणालीत, म्हणजे युनिकोडमध्ये, १९९१ सालीच स्थान मिळाले होते. परंतु आपल्या मुद्रणव्यवसायात जे टंक रूढ होते त्यांचे संकेत ज्याचे त्याचे स्वतंत्र होते. छापील कागदावर अक्षर सुंदर दिसे. तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उभी राही. छापून झालेली असंख्य पुस्तके अशा रीतीने संगणकात असूनही वाचनयंत्रास अगम्य होती. ती पुन्हा टंकित करणे किंवा रूपांतर करून अक्षरन् अक्षर तपासणे, एवढाच मार्ग होता.

शिवाय मराठीचे काही नाजूक प्रश्न हिंदीहून वेगळे आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. 'आचार्याने' आणि 'आचाऱ्याने' या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हा अर्धा र यंत्रास नीट काढता आला नाही तर वाक्याचा अर्थच फिरतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून निराळे. तेही प्रत्येक यंत्रावर आढळतातच असे नाही. ज्यांना या गोष्टी क्षुल्लक वाटतात त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की परदेशात वाढणारे मूल मराठी अक्षर त्या पडद्यावरच प्रथम पाहणार आहे. त्याला तेच अक्षर प्रमाण वाटेल.

विकत घेण्याच्या पुस्तकांखेरीज विनामूल्य साहित्याचाही मोठा साठा आज उपलब्ध आहे, आणि तो बहुतेक निःस्वार्थ माणसांनी उभा केला आहे. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके वाचकांस विनामूल्य देते. विकिस्रोतावर स्वयंसेवक जुने ग्रंथ युनिकोडमध्ये आणीत आहेत. १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आज शिकागो विद्यापीठाने जगास खुला केला आहे. अमेरिकेतील मराठी मुलास आजोबांच्या पत्रातील अडलेला शब्द तेथेच सापडू शकतो. आपल्याकडील कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षांनी संपतो, आणि ही वर्षे पुढील वर्षारंभापासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. तेव्हा त्यांची 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून भारतात सर्वांची झाली. परदेशांत कायदे निराळे असतात, एवढी सावधगिरी मात्र बाळगावी.

या संदर्भात आपल्या गावाशी नाते सांगणारे एक उदाहरण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. भिलाईचा कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला, आणि रशियन तज्ज्ञ व त्यांची कुटुंबे येथे राहून गेली. त्याच काळात मॉस्कोतील प्रगती व रादुगा या प्रकाशनसंस्थांची मराठी पुस्तके महाराष्ट्रात लोकवाङ्मय गृहामार्फत अत्यल्प किमतीत मिळत. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी मराठी केलेल्या त्या रंगीत बालकथा, कादंबऱ्या आणि विज्ञानाची पुस्तके मध्यमवर्गीय घरांत पोहोचली होती. १९९१ साली सोव्हिएत संघराज्य लयास गेले आणि तो झरा आटला. रद्दीत गेलेल्या प्रती गेल्याच. पण काही वाचकांनी आपल्या प्रती जपल्या होत्या. अरविंद गुप्ता यांच्यासारख्या ग्रंथप्रेमींनी अशी पुस्तके पानोपान छायांकित करून सर्वांसाठी विनामूल्य ठेवली. आज मेलबर्नमधील मराठी घरात ती पुस्तके पुन्हा उघडता येतात. ज्या राष्ट्राने ती छापली ते राष्ट्र उरले नाही. पुस्तक मात्र उरले. आणि ते उरले याचे कारण कोणाच्या तरी घरातील कपाटात त्याची एक कागदी प्रत शिल्लक होती! कपाटे मोडीत काढण्यास निघालेल्या आपल्या मित्रांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा. यंत्रातील पुस्तक आकाशातून पडत नाही. ते कोठल्या तरी कपाटातून निघालेले असते.

आता यंत्राच्या मर्यादांचा विचार करू. पहिली मर्यादा मालकीची. कागदी पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. ते शेजाऱ्यास देता येते, मुलीच्या हाती सोपविता येते, मंडळाला दान करता येते. ई-पुस्तकाचे पैसे दिले तरी बहुधा आपणांस मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना, आणि तोही एका खात्यापुरता. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत एक विलक्षण घटना घडली. ज्या विक्रेत्याने जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके किंडलवर आणली होती त्याला तसा हक्कच नव्हता, असे आढळून येताच अमेझॉनने ती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. पैसे परत केले, पुढे क्षमाही मागितली. त्यांतील एक पुस्तक '१९८४' होते, म्हणजे नको असलेला मजकूर नाहीसा करणाऱ्या राज्यसत्तेचीच कथा! फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने खरेदी केलेली पुस्तके आपल्या संगणकावर उतरवून घेऊन तारेने यंत्रात भरण्याची सोयही बंद केली. पुस्तकांचे हक्क देशवार वाटलेले असतात, त्यामुळे नागपूरच्या वाचकास मिळणारे मराठी पुस्तक टोरांटोच्या खात्यावर मिळेलच असे नाही. आपल्या ग्रंथालयातील त्या नावांवर नावे पडलेल्या पहिल्या पानाला या व्यवस्थेत जागा नाही.

दुसरी मर्यादा छायांकित पुस्तकांची. पानाचे छायाचित्र म्हणजे अक्षर नव्हे. लहान पडद्यावर ते पान आकसते, अक्षर मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि शब्द शोधता येत नाही. उलट युनिकोडमधील मजकुराचे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक छपाई सोडून दिलेल्या आमच्या काही ज्येष्ठ भगिनी या एका सोयीमुळे पुन्हा वाचू लागल्या आहेत. तेव्हा हे यंत्र केवळ परदेशातील मुलांचे आहे, हा समजही सोडून दिला पाहिजे.

परंतु तिसरी मर्यादा या दोहोंहून मोठी आहे, आणि ती यंत्राची नव्हे. यंत्र पुस्तकाला वाचकापर्यंत आणते. वाचकाला अक्षरापर्यंत आणू शकत नाही. परदेशात जन्मलेले आपले नातवंड मराठी समजते, पुष्कळदा बोलतेही. पण शाळेत त्याला देवनागरी कोणी शिकवीत नाही. येथे भिलाईत निदान हिंदीमुळे लिपी ओळखीची राहते. आपल्या मुलांना 'ळ' तेवढा नवा असतो. तेथे तोही आधार नाही. आईवडिलांनी हौसेने यंत्रात दोनशे मराठी पुस्तके भरून ठेवली, आणि मुलाला 'क' व 'फ' यांतील भेद कळत नाही, अशी स्थिती असेल तर ते ग्रंथालय कुलूपबंदच म्हणावे लागेल. पूर्वी पुस्तक नव्हते म्हणून वाचन थांबत होते. आता पुस्तक हाती असून वाचन थांबेल. पहिल्या अडचणीवर शास्त्रज्ञांनी उपाय काढला. दुसरीवर उपाय घरातील माणसांनीच काढावयाचा आहे.

आणि तो काढता येतो, हे आपल्याच एका सभासद-कुटुंबाने दाखविले आहे. आजी भिलाईत, नातू न्यू जर्सीत. रविवारी रात्री आठ वाजता येथे आजी मंडळाच्या ग्रंथालयातून नेलेले गोष्टींचे पुस्तक उघडते. तेथे हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. नातू त्याच गोष्टी वाचनयंत्रात काढून बसतो. पडद्यावर दोघे एकमेकांस दिसतात. एक वाक्य आजीने वाचावयाचे, एक नातवाने. आरंभी एका परिच्छेदास अर्धा तास लागे. 'दऱ्या' हा शब्द त्याने 'दर्या' वाचला आणि शिवाजीमहाराजांचे मावळे समुद्रात कसे काय शिरले, असे त्याने विचारले, तेव्हा आजीला अर्ध्या र-चा पाठ नव्याने द्यावा लागला. आता तो सबंध गोष्ट एकटा वाचतो आणि आजीला अर्थ विचारण्याऐवजी पुढे काय झाले ते सांगतो. या व्यवहारात यंत्र आहे, कपाटातील पुस्तक आहे आणि आजी आहे. तिघांपैकी एक काढून घ्या, गाडी अडते.

म्हणून आमचे मंडळाला असे निवेदन आहे की ग्रंथालय ठेवावे की मोडावे, हा प्रश्नच तूर्त बाजूस ठेवावा आणि ग्रंथालयाने पुढील पन्नास वर्षांत कोणते काम करावे, हे ठरवावे. आमच्या मते अशी चार कामे ताबडतोब हाती घेता येतील. आपल्या कपाटांतील ज्या पुस्तकांवरील हक्क संपला आहे, त्यांची यादी करावी. ती इतरत्र उपलब्ध आहेत की नाहीत ते पाहावे, आणि नसतील त्यांना प्रथम हात घालावा. मंडळाच्या पन्नास वर्षांतील स्मरणिका, अहवाल आणि हस्तलिखित अंक हे तर भिलाईबाहेर कोणाकडेच नाहीत. ते लेखकांच्या वा त्यांच्या वारसांच्या संमतीने छायांकित करून आणि युनिकोडमध्ये टंकित करून सर्वांना द्यावेत; हा स्मरणिका-ग्रंथसुद्धा त्याच रूपात निघावा. मंडळाने दोनचार वाचनयंत्रे घ्यावीत, त्यांत मुक्त झालेले ग्रंथ भरावेत, आणि ज्येष्ठ सभासदांस अक्षर मोठे कसे करावयाचे ते शिकवून ती पुस्तकांप्रमाणेच घरी द्यावीत. आणि दर रविवारी, येथील आजीआजोबा व परदेशातील नातवंडे यांच्यासाठी, आताच सांगितले त्या धर्तीवर वाचनवर्ग चालवावा. त्यास पैसा फारसा लागणार नाही, नियमितपणा लागेल.

सातारा जिल्ह्यातील भिलार या गावी २०१७ साली महाराष्ट्र शासनाने पुस्तकांचे गाव वसविले. तेथे घराघरांतून पुस्तके ठेवली आहेत आणि कोणीही जाऊन वाचावे अशी व्यवस्था आहे. भिलार आणि भिलाई यांच्या नावांत एका अक्षराचाच फरक आहे, एवढ्यावरून आपण त्याची बरोबरी सांगू नये, हे आम्ही जाणतो. परंतु पुस्तक घरात असावे आणि घर वाचकासाठी उघडे असावे, ही त्यामागील कल्पना आपणांस परकी नाही. एक दिवाळी अंक दहा घरे फिरविणाऱ्या या गावाने ती केव्हाच आचरणात आणली होती. आता ती दहा घरे निरनिराळ्या खंडांत पसरली आहेत, एवढाच फरक. अंक फिरविण्याचे काम मात्र आपलेच आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत ग्रंथालयाचा विषय पुन्हा येणार आहे. मत देण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एकदा ग्रंथालयात जाऊन कोणतेही एक पुस्तक काढावे, त्याच्या पहिल्या पानावरील नावे वाचावीत आणि त्या यादीत यापुढे कोणाचे नाव यावे असे आपणांस वाटते, याचा विचार करावा, अशी विनंती आहे.